माझ्या नावाची कार्डं

“हिला आत कोणी घेतलं? सगळीकडे वास सुटलाय,” सर म्हणाले. काकी कोळंबीच्या सालांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सर माझ्याकडे वळले. “तुमच्या तारकर्लीत सगळ्यांच्याच अंगाला येतो का हा वास?” सगळे हसले. मीही हसले. आधी हसले, लाज मागून वाटली. काकीनं ट्रे खाली ठेवला आणि ती निघून गेली.

ती माझी सख्खी काकी. तिथं कुणाला मी हे सांगितलं नव्हतं.

कंपनी छोटी. कोळंबीच्या सालांपासून जखमेवर लावायची पावडर बनवायचा प्रयोग चाललेला. सर आधी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होते, तिथली पद्धत त्यांनी इथं आणली. भिंतीवर मोठा स्क्रीन. प्रत्येक कामाचं कार्ड, त्यावर करणाऱ्याचं नाव. काम झालं की कार्ड ‘पूर्ण’मध्ये सरकवायचं. रोज सकाळी उभ्यानं मीटिंग, काल मी काय केलं ते सांगायचं.

पद्धत वाईट नव्हती. पण लॉगिन फक्त पदवीवाल्यांना. सालं धुणं, ॲसिडमध्ये बुडवणं, वाळवणं, सगळं काकी करायची. तिच्या बोटांची कातडी सोललेली. कार्डं माझ्या नावावर. “काल मी सालं धुतली,” मी ताठ मानेनं सांगायचे. शाबासकी घ्यायचे. घरी तिनंच वाढलेलं जेवताना मात्र मान वर होत नसे.

मी हसले त्या संध्याकाळी घरी विचारलं, “काकी, राग इलो काय तुका?”

“तेंचो नाय. पण तू पण हसलंस गो.”

मग एका सकाळी मीटिंगमध्ये सर म्हणाले, “पुढच्या महिन्यापासून ती बाई बंद. स्क्रीनवर तिचं एकही काम नाही.”

तिचं काम मीच गिळलं होतं.

आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. जाळ्याच्या दोराला ज्याचा हात लागला, त्याला मासळीचा वाटा. म्हातारीलासुद्धा. दुसऱ्याचा वाटा उचलणाऱ्याला गावात कुणी उभं करत नाही. मी तो रोज उचलत होते.

“सर, ती माझी काकी आहे. सालांची सगळी कामं तिची. तिथं माझं नाव खोटं आहे.”

“मग तुझी गरज काय?”

कुणी हसलं नाही. मी सगळ्यांसमोर एकेक कार्ड उघडलं, माझं नाव काढून काकीचं लिहिलं.

“लेबरला लॉगिन नसतं,” सर म्हणाले.

घरी येऊन काकीला सगळं सांगितलं. उद्या मीटिंगला माझ्याबरोबर चल म्हटलं. ती मग म्हणाली, “येतंय. पण हसा नको.”

एवढ्यानं माझी चोरी फिटत नाही, मला ठाऊक आहे. नोकरी जाईल कदाचित. उद्या काकी माझ्या शेजारी उभी राहील, काल काय केलं ते तिच्या तोंडानं, मालवणीत सांगेल. तिला बाहेर काढायचं असेल तर आधी मला काढावं लागेल. आणि तो वास माझ्याही अंगाला येतो, हे मी सरांना पहिल्यांदाच सांगणार आहे.