पलीकडच्या फर्मचा माणूस

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मधोमध भिंत उभी राहिली, त्या दिवशी मी काय रंगात होतो!

मालक माझा शाळेपासूनचा दोस्त. धंदा बसत चालला होता, हे खोटं नाही. दहा कामगार झाले की ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होतो, म्हणून त्यानं जुनी फर्म मोडून दोन नव्या काढल्या. भिंतीच्या अलीकडची त्याची, पलीकडची त्याच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या नावाची. दोन्हीकडे नऊ-नऊ माणसं. आमच्या दवाखान्याच्या कार्डांवर पाणी पडलं.

कामगार खवळले. मालकानं मला कोपऱ्यात घेतलं. "तुझं ऐकतात सगळे. हसव की जरा! कुणाला काय झालंच, तर मी बसलोय ना."

मग काय! विटांच्या ढिगावर चढलो. पाण्याचा माठ अलीकडे राहिला होता आणि संडास पलीकडे. "मंडळी, प्यायचं एका देशात, मोकळं व्हायचं दुसऱ्या देशात! पासपोर्ट खिशात ठेवा!"

शेड गदगदली. वळसंगचा म्हातारा विणकर डोळे पुसत म्हणाला, "लई चावट हायस." राग विरला, माग खडखडू लागले.

काही महिन्यांनी बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन सांगितलं. कार्डाची मुदत तोवर संपलेली. मी निर्धास्तपणे मालकाच्या केबिनमध्ये गेलो.

"अरे, तू पलीकडच्या फर्मचा," तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला. "तुझ्या वहिनीला विचार."

मला वाटलं, माझाच विनोद मला ऐकवतोय. टाळी द्यायला हात पुढे केला. तो तसाच राहिला.

वहिनी दारातच म्हणाल्या, "भावजी, मी कारखाना बघितलासुद्धा नाही. ह्यांनी सांगितलं तिथं सही केली."

सरकारी दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बायकोनं पोट धरून दिवस काढले. ऑपरेशन झाल्यावर, जरा बरं वाटल्यावर म्हणाली, "अवो, भिंतीवर काय बोलला होता तुमी? सगळी हसली म्हणं."

खाटेशेजारी उभा राहून मी माठ, संडास, पासपोर्ट, सगळं करून दाखवलं. ती टाके दाबून हसली. मग दमून म्हणाली, "तुमी कुठल्या बाजूला पडायचं, ते कुणी ठरवलं?"

भिंतीसाठी जमिनीवर फक्कीची रेघ मारताना दोस्त माझ्यापाशी येऊन थांबला होता. खांद्यावर हात टाकून म्हणाला होता, "तू पलीकडं बस. तिकडं वारा चांगला येतो."