उरलेलं औषध

आमच्याकडे पंपात फवारणीचं औषध उरलं तर ते कुणी फेकत नाही. शेजारी घरातल्याच कुणाचं पीक असलं तर त्यावर मारून देतात आणि वर उपकार केल्याच्या थाटात चहाला येतात. या चांगुलपणाचा मला आता संताप येतो.

गेल्या माघात विहिरीजवळच्या तुकड्यात माझा बियाण्याचा कांदा फुलला होता. पुसदकडच्या माहेराहून आणलेलं लाल वाण, वीस वर्षं मीच राखलेलं. कांद्याचं बी जुनं झालं की उगवत नाही, म्हणून दरसाल नवं धरावं लागतं. निवडक कांदे होते तेवढे सगळे लावून बसले होते. पांढऱ्या गोंड्यांवर सकाळपासून मधमाश्या असायच्या. बांधावरच्या निंबाच्या ढोलीत त्यांचं बिऱ्हाड. माशी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर गेली तरच दाणा भरतो, हे मला आईनं शिकवलं होतं.

धाकटे दीर शेजारी हरभऱ्यावर अळीचं औषध मारत होते. दहाच्या सुमारास बांधावरून म्हणाले, "वयनी, अर्धा पंप उरला. तुमच्या कांद्यावर मारून देऊ का? फेकाचं कायले?"

"मारा ना, भाऊजी," मी म्हणाले. मीच म्हणाले! तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप का नाही लागलं!

दुपारी ढोलीखाली माश्यांचा सडा पडला होता. काही जागच्या जागी गरगरत होत्या. बाटली शोधून वाचली. फुलोऱ्यात मारू नका, मधमाश्या मरतात, असं मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. विकणाऱ्यानं तोंडानं सांगितलं असतं तर काय त्याची जीभ झडली असती? भाऊजींना बोलावून दाखवलं, तर म्हणाले, "माशाच त होत्या, वयनी. येतीन दुसऱ्या."

आल्या नाहीत. पंधरा दिवस मी रोज सकाळी तळहातानं गोंडे कुरवाळत फिरले, याची भुकटी त्याला लावत. रस्त्यानं जाणाऱ्या बाया हसल्या. हसा म्हटलं. पोळ्यातल्या हजारोंचं काम दोन हातांनी होतं थोडंच!

चैत्रात गोंडे सुकले. चोळून सुपात घेतले, तेवढ्यात भाऊजी आले. "बी किती झालं, वयनी? पावशेर मलेबी ठेवजा."

मी सुपातलं मूठभर उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. फोलपट उडवायला त्यांनी सवयीनं फुंकर मारली. हात रिकामा झाला.

"पेरा आता," मी म्हणाले.