रॉकरवरची कणीक

शांतारामदादा माझा थोरला भाऊ. सेक्शन ऑफिसर, आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टर, आणि दाराशी एक जुनी अँबॅसिडर, जिच्यावर त्याचा वहिनीपेक्षा जास्त जीव! नोकरीसाठी दिल्लीत आले ती मी त्याच्याकडेच राहिले, त्यामुळे हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, बरं का. आता ना दादा उरला, ना ती गाडी. फार आठवण येते मेली.

त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, लतिकेचं, लग्न ठरलं. सासर गुडगावचं. दादाने जाहीर केलं, पाठवणी माझ्याच गाडीतून आणि चालवणार मीच. झालं! लग्न आठवड्यावर आलं आणि गाडीने मान टाकली. इंजिनाच्या डोक्यावर झडपा उघडणारे लोखंडी हात असतात, रॉकर म्हणतात त्यांना. त्यातले दोन मोडले.

दादा कश्मीरी गेटच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचे रॉकर घेऊन आला. बसले छान, पण उंचीला जास्त. वरचं झाकण लावलं की टकटक आपटायचे. मेकॅनिक म्हणाला, "साहब, ढक्कन ठोक के ऊपर उठा दो." दादा भडकलाच. ठोकलेल्या झाकणातून तेल गळणार, धूर आत येणार, आणि पोरगी शालू नेसून बसणार! "बिल्कुल नाही. रॉकरच घासतो," म्हणाला. कमी घासले तर आपटणार, जास्त घासले तर वाटेत मोडणार. मी टॅक्सीचं नाव काढलं, तर दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

झाकणाखाली किती जागा उरते ते दिसणार कसं? त्यासाठी हा स्वयंपाकघरातली कणीक पळवायचा. प्रत्येक रॉकरवर गोळी, वर झाकण, हँडलने इंजिन फिरवायचं, मग उघडून बघायचं. गोळी चेपून पातळ झाली असेल तिथे पुन्हा कानस.

केळवणाच्या दिवशी मात्र त्याचा चेहरा पडला. "हेमे, किती घासलं तरी गोळी चपटीच गं. आता घासलं तर मोडेल." कानस हातात धरून पायरीवर बसून राहिला. मला इतकं वाईट वाटलं! मग त्या गोळीकडे लक्ष गेलं आणि मी कपाळाला हात लावला.

"अरे शहाण्या, ही पुरणपोळीची कणीक! तेलात तिंबलेली. ही नुसती ठेवली तरी पसरते!"

वहिनी हसून हसून बेजार. मी पुऱ्यांची घट्ट कणीक भिजवून दिली. गोळी चांगली जाड राहिली. दादाने कानस ठेवून दिली.

पाठवणीला मी पाठराखीण म्हणून लतिकेशेजारी मागे बसले, जावई पुढे. गाडी एका झटक्यात सुरू झाली. ना टकटक, ना धूर. वाटेतलं महिपालपूर आलं तरी इंजिनाचा आवाज म्हणून नाही. जन्मभर त्या गाडीत ओरडून बोललो आम्ही, आणि त्या दिवशी शालूची सळसळसुद्धा ऐकू येत होती. त्यातच दादाचे हुंदके ऐकू यायला लागले. ताठ बसून, समोर बघत, ओठ आवळून, पण आवाज काही लपेना. जावई बिचारा खिडकीबाहेर बघायला लागला.

लतिका पुढे वाकली. "बाबा, खालच्या गिअरमध्ये चालवा ना जरा."

दादाने गिअर उतरवला. इंजिन जे बोंबलायला लागलं ते थेट गुडगावपर्यंत, आणि त्या आवाजात बापलेक मनसोक्त रडले. मी तरी कुठली मागे राहते!