उत्तरच्या बांधावरची बोर

फोटो काढायला कुणीही आलं तरी काकू आधी त्या माणसाकडे बघायच्या नाहीत. खाली फरशीकडे बघायच्या. "सावली कुठं पडायलीय, बघू द्या आधी," म्हणायच्या. नवरदेव असो की नोकरीच्या अर्जाला फोटो हवा असलेला पोरगा, त्याच्या तोंडाची पाळी नंतर.

लातूरच्या बाजारात त्यांचा स्टुडिओ होता. नवरा अकाली गेला, तेव्हा विकायला म्हणून त्यांनी कॅमेरा बाहेर काढला, पुसला आणि विकलाच नाही. मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि सुट्टीत त्यांचे पडदे रंगवायचो. माणसांच्या मागे लावतात ना, ते मोठाले कापडी पडदे. महाल, कारंजी, चंद्रकोर. तुम्ही ती कारंजी पाहिली असती तर हसला असता. काकू हसायच्या नाहीत.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसाने नेमकी तेव्हाच पाठ फिरवली होती. एके दिवशी काकू म्हणाल्या, "सर, महाल बास झाले. ज्वारी काढा. उभी, काढणीला आलेली."

मी काढली. औशाचे एक म्हातारे तिच्यापुढे फोटोला उभे राहिले आणि मागे वळून बघतच बसले. मग मला म्हणाले, "कणसं पिकल्याली आन् बुडाची पात हिरवीच? असं कुठं असतंय?" काकूंनी त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि माझ्या हातात ब्रश दिला. "खोटं बी नीट करावं लागतंय, सर."

बुडाची पात वाळली, आणि त्यानंतर पडद्यापुढे येणारी खेड्यातली माणसं, उभ्या पिकात शिरताना काढतात तशा, आपोआप चपला काढू लागली. पहिल्यांदा मला हसू आलं. पुढे येईनासं झालं.

त्याच दिवसांत एक माय आली. "जयभीम, काकू," म्हणाली आणि उभीच राहिली. तिच्या नवऱ्याने सालगडी म्हणून राबून राबून घेतलेलं दोन एकर रान शहराला लागून होतं. ते नव्या कचेऱ्यांसाठी गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मोजणी होती.

"कचेरी व्हावी," ती म्हणाली. "आमची लेकरं बी लागतील तिथं नोकरीला. पर हितं माझं पीक उभं राहत होतं, हे नातवंडांना दिसावं का न्हाई? आज बघितलं तर ढेकळं हायती नुसती."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा, बांबू, कॅमेरा आणि माझी रंगपेटी बैलगाडीतून त्या रानात.

पडदा उभा केल्यावर मायने तो एकदा नीट बघितला. "हे माझं न्हाई," ती म्हणाली. "बोर कुठं हाय?"

उत्तरच्या बांधावर बोर होती. मागल्या साली शेरडांना पाला नाही म्हणून ती तोडली होती. मी ब्रश घेतला. माय मागे उभी राहून सांगत होती, "खोड वाकडं घ्या. आणखी. हां, वाऱ्यानं अशीच कलली होती." मी जन्मात न पाहिलेलं झाड काढत होतो आणि ती ते ओळखत होती.

झालं, काढा आता फोटो, म्हटलं. काकू खाली ढेकळांकडे बघत होत्या.

"सर, तुमच्या ज्वारीला उजेड डावीकडून हाय. मायला उजवीकडून. दोघींना दोन सूर्य देता काय?"

मी वरमलो. स्टुडिओतला दिवा डावीकडे, म्हणून आम्ही पडदेवाले सगळं डावीकडूनच उजळतो. "पडदा फिरवू," मी म्हटलं. "दक्षिणेला लावू."

"बोर उत्तरच्या बांधावर होती," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या. ऊन कलेपर्यंत थांबायचं ठरलं.

ऊन कलायच्या आत मोजणीवाले आले. त्यांचा हद्दीचा दगड नेमका पडद्याच्या जागी येत होता. साहेब तापलेलेच होते. "बाई, आवरा हा तमाशा." माय उठून उभी राहिली. तिचा चेहरा बघवेना. आज दगड रोवला की उद्या हे रान तिचं म्हणायला काही उरणार नव्हतं.

"दोन घंटे, साहेब," काकू म्हणाल्या. "दगड काय पळून चाललाय का?" तेवढ्यात वारा सुटला, पडदा फडफडला आणि बांबू कोसळू लागला. तो धरला कुणी, तर साहेबांनी. एकदा धरल्यावर सोडता येईना. माणूस तसा वाईट नव्हता.

ऊन डावीकडे आलं. काकू गुडघ्यांवर बसल्या, पडद्याच्या खालच्या काठावर त्यांनी त्याच रानाची माती पसरली, पुढे धसकटं खोचली. माय येऊन उभी राहिली. आता फोटो निघणार, तोच तिने एकदम हात उंचावला आणि पाखरं हाकलतात तशी "हाऽ हाऽ" ओरडली. बांबू धरलेले साहेब वर आभाळात बघू लागले. मीही बघितलं.

त्याच क्षणी काकूंनी फोटो काढला.

फोटो धुऊन हातात आला तेव्हा माती कुठे संपते आणि माझा रंग कुठे सुरू होतो ते मला सापडेना. मी थक्क झालो होतो, आणि खरं सांगतो, थोडा घाबरलोही होतो.

पुढे मी निवृत्त झालो. काकूही गेल्या. त्यांच्यामागे वर्षभराने पेन्शनच्या कागदांसाठी मायच्या रानावर झालेल्या त्या कचेरीत गेलो. आवाराच्या उत्तरेला भिंतीशी मोकळं ऊन पडलेलं दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. शिपायाला विचारलं, "इथली बोर कुणी तोडली?"

"बोर? सर, मी पहिल्यापासून हाय हितं. बोर कवाच न्हवती."

"वाकड्या खोडाची! वाऱ्यानं कललेली! मी माझ्या डोळ्यांनी..." असं म्हणता म्हणता मी थांबलो.

ही गंमत काकूंना सांगायलाच हवी म्हणून मी लगबगीने फाटकाबाहेर पडलो. बाजाराच्या रस्त्याला लागून चांगला शंभर पावलं चाललो, तेव्हा लक्षात आलं.