मोहन्याला, एका बहिऱ्या खोडामागे

"हिच्या हाताला आवाज नाही," असं आमच्याकडे पेटी वाजवायला येणारे काका म्हणाले, तेव्हा मी दहा वर्षांची होते. नाना, म्हणजे माझे वडील, शेजारीच बसले होते. ते कीर्तनात तबल्याची साथ करत आणि मला शिकवायला त्यांनीच घेतलं होतं. काकांचं बोलणं ऐकून ते नुसते पानाला चुना लावत राहिले. मी आणखी वर्षभर वाजवलं आणि सोडलं.

आता मी त्रेचाळीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते, आणि ठाण्यात टेंभी नाक्यामागच्या त्याच चाळीत, त्याच दोन खोल्यांत राहते. गेल्या महिन्यात शाळेच्या संमेलनाला तबला हवा होता, म्हणून माळ्यावरून माझा जुना काढला. पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटली होती. नाक्याजवळच्या तबलेवाल्याने घाईत, आत न डोकावता, नवी चढवून दिली. मी वाजवला, तर पाटावर थाप मारावी तसा आवाज. मी हसून म्हटलं, माझा हातच तसा आहे. त्याने स्वतः वाजवून पाहिला. त्याच्या हाताखालीही तबला गप्पच. नवीन पुडीची बदनामी त्याला सोसेना. त्याने सगळ्या वाद्या, म्हणजे पुडी ताणणाऱ्या पट्ट्या, सोडल्या, पुडी उचलली आणि आत बोट घातलं. खोडाच्या, म्हणजे तबल्याच्या लाकडी भांड्याच्या, आत गोणपाट चिकटवलेलं होतं.

बुडाखाली तीन चिरा होत्या. ही कल्याणजवळच्या मोहन्याच्या, लाकूड कातणाऱ्या एका कातारी घराची खूण, तो म्हणाला, आणि खोड माझ्या हातात देत पुढे म्हणाला, "बाई, तुमच्या वडिलांना कुणीतरी चांगलंच फसवलंय."

मग मला घरी बसवेना. रविवारी सकाळी खोड आणि ती नवी पुडी पिशवीत घालून मी निघाले.

कुणाला जायचं असेल तर सांगते, नाशिककडे जाणारी सकाळची पॅसेंजर धरा. गाडीला गर्दी नव्हती, खिडकी मिळाली. ही गाडी पारसिकच्या बोगद्यातून जाते आणि त्या दिवशी मी तो बोगदा पहिल्यांदाच कानांनी पाहिला. बाहेर खाडीवर चाकांचा आवाज पसरून विरत होता. आत शिरताच तोच आवाज भरीव झाला, छातीवर येऊन बसला. चाकं तीच, रूळ तेच, फक्त भोवतालची भिंत बदलली होती. मला इतका आनंद झाला की समोरच्या बाईंना मी ते सांगूनही टाकलं. त्यांनी आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतली.

कल्याण स्टेशनबाहेर सिंधी माणसं परातीत भाजलेले पापड घेऊन बसतात, ते जरूर खावेत. टांगेवाल्याने मोहन्याचे बारा आणे सांगितले, आठावर आला. शहाडपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे खडी. उल्हास नदी मधूनच दिसते आणि लपते. मोहन्यात आता रेयॉनचा कारखाना झालाय. टांगेवाल्याला वाटलं मी तिथल्या कुणाकडे निघालेय. कातारी म्हटल्यावर त्याने मान वळवून मला नीट पाहून घेतलं.

कातारी साठीचे होते. चिंचेखाली छपरी, तिच्यात दोरीने फिरवायचं लाकूड कातायचं यंत्र, आणि भोवती भुश्शाचा ढीग. मी रागातच पिशवी उघडली. फसवणुकीचा जाब विचारायचा म्हणून वाक्यं जुळवून आणली होती. त्यांनी खोड हातात घेतलं, नखाने काळा रंग खरवडला, खाली पांढुरकं लाकूड दिसलं आणि ते एकदम हसले.

"अगो बाय, ह्यो बहिरा हाय. पांगाऱ्याचा. बापसानं माझ्या केलेला, मी दोरी ओढत व्हतो."

जाब विचारायचा राहून गेला. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि आधी शिकवलं. शिसवीचं, खैराचं आणि आंब्याचं अशी तीन मोकळी खोडं समोर मांडली, डोळे मिटायला लावले, आणि एकेकावर बोटाचं पेर वाजवलं. आंबा चटकन बोलून गप्प झाला. खैर टणक, थोडा रागीट. शिसवीचा नाद मात्र रेंगाळला, खाटेच्या दांडीपर्यंत आल्यासारखा वाटला. दुसऱ्या फेरीला मी तिन्ही बरोबर ओळखली. भिंत फार पातळ कातली तर तबला ओरडतो, जाड ठेवली तर आतल्या आत बोलतो. काठ सगळीकडून सारखा हवा, नाहीतर एका बाजूला सूर चढा आणि दुसऱ्या बाजूला उतरलेला. डग्ग्याचंही तेच, मातीचा मऊ घुमतो, तांब्याचा लांब घुमतो. कातडं सगळीकडे तेच असतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

माझ्या खोडात या सगळ्याच्या उलट केलं होतं. पांगारा कापसासारखा हलका. पोकळी जेमतेम चार बोटं खोल, भिंत दोन बोटं जाड, काठ उशीसारखा गोल, शिवाय आत गोणपाट. आणि शिसवी दिसावं म्हणून काळा रंग.

"ठाण्याचं एक गृहस्थ आलं व्हतं," ते म्हणाले. "सांगलं, माझी पोर वाजवते. तिला वाजवता आला पाहिजे, पण भिंतीपलीकडं जायला नको. चाळीतली माणसं तिला शिकू देणार नाहीत. बापूस माझा रडकुंडीला आला. चांगला आवाज काढायला शिकलेला माणूस, बहिरा कसा करायचा?"

त्यांच्या बायकोने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणून ठेवली, ती खाता खाता मी काकांचं ते वाक्य कातारींना सांगितलं. तोवर त्यांनी माझ्याच पुडीच्या वाद्या शिसवी खोडावर ओढायला घेतल्या. दोन तास लागतील म्हणाले, तेवढ्यात मी नदीवर जाऊन आले. परतले तेव्हा तबला खाटेवर चुंबळीत बसवलेला होता.

एक 'ना' वाजवला. चिंचेवरचे दोन कावळे उडाले.

कातारी म्हणाले, "आता कोन म्हणतो आवाज नाही?"

मग मी थांबलेच नाही. तीस वर्षांमागचा तीनताल बोटांत होता, ठिकठिकाणी गंजलेला, पण होता. कारखान्यातून सुटलेली दोन माणसं कुंपणाशी उभी राहून ऐकत होती, आणि मला लाज वाटली नाही.

परतताना डोंबिवलीला उतरले. नाना आता तिथे माझ्या धाकट्या भावाच्या नव्या घरात असतात. ओटीवर बसून वाल सोलत होते. मी जुनं खोड त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी आत हात घालून चाचपलं.

"गोणपाट टिकलंय की अजून."

मी विचारलं, काका तसं म्हणाले तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?

"काका चाळीत सगळ्यांकडे जात. खरं सांगितलं असतं तर चाळभर झालं असतं," ते म्हणाले. मग खाली बघूनच म्हणाले, "मला ऐकू यायचं. मी माजघरातून रोज ऐकायचो."

मी नवा तबला पिशवीतून काढू लागले, तर म्हणाले, दिवेलागण झाली, गाडी चुकेल.

आता घरी दोन्ही खोडं शेजारी शेजारी ठेवली आहेत. पुडी सोडली तर पाहणाऱ्याला फरक कळत नाही. मोहन्याची वाट सोपी आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. पण परत आणलेलं ओझं अजून खाली ठेवता आलेलं नाही. ज्यांनी मला लपवून शिकवलं, त्यांच्यामुळेच मी सोडलं. राग कुठे संपतो आणि माया कुठे सुरू होते, ते मी रोज वाजवता वाजवता शोधते. वाजवते मात्र खिडकी बंद करून. सवय जात नाही.

हे छापून आलं की नाना वाचतील, चष्मा पुसून दोनदा वाचतील. म्हणून इथेच लिहिते. नाना, येत्या रविवारी ठाण्याला या. गुडघे दुखतात म्हणाल, जिना उंच आहे म्हणाल, आता कशाला म्हणाल, सगळं ठाऊक आहे. तरी या. माजघरात नका बसू, माझ्यासमोर बसा. आणि मी वाजवायला घेतलं की खिडकी तुमच्या हाताने उघडा.