तोडलेल्या झाडाला पाणी

ताज्या कापलेल्या लाकडाचा वास मला परका नाही. आमच्याकडे घाटाच्या उतारावर साग पडला, की त्याच्या बुंध्याचा तो ओलसर, किंचित कडवट गंध वाऱ्याबरोबर कितीतरी लांब येतो, आणि नुसत्या वासावरून म्हातारी माणसं सांगतात, झाड कालचं आहे की आजचं. पण गेल्या डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी हेलनबाईंच्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकले. संध्याकाळ कसली, साडेचारच वाजले होते; पण व्हँकुव्हरच्या आकाशानं दिवसाची कवाडं लावून घेतली होती आणि बाहेर तो तिथला न संपणारा, आवाज न करणारा पाऊस लागला होता. आत मात्र राळेचा, लिंबाच्या सालीचा, थंड डोंगराचा वास दरवळत होता. घराच्या आत! खिडकीपाशी माझ्याहून उंच असं नाताळचं सूचिपर्णी झाड उभं होतं. मुळापासून तोडून आणलेलं, बुंधा लोखंडी तिवईत आवळलेला, फांदीफांदीवर इवले दिवे, आणि तिवईच्या पोटातल्या भांड्यात काठोकाठ पाणी. तोडलेल्या झाडाला पाणी!

हेलनबाई म्हणजे माझ्या घरमालकीण. सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या घराखालच्या तळघरातली खोली मी भाड्यानं घेतली होती. यवतमाळच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, पुढचं शिकायला त्या देशात उतरून मला जेमतेम दोन महिने झाले होते. पहिली पदवीधर हे मी कुठंही आधी सांगते, बरं का. गर्व म्हणा हवं तर. ज्यांच्या घरात पदव्या भिंतीवर रांगेनं टांगलेल्या असतात, त्यांना त्यातलं सुख कळायचं नाही.

नवख्या माणसाला परक्यांचे सण फार जपून काढावे लागतात. आपल्याकडे दिवाळीत दिवा लागतो तो माणसांच्या येण्याजाण्यासाठी. तिथं आळीच्या आळी दिव्यांनी मढलेली आणि दारात चिटपाखरू नाही. मग हा थाट कुणासाठी? मागवलेल्या सामानाची खोकी दिवसदिवस उंबऱ्यावर पडून असायची आणि येणारा जाणारा त्यांना वळसा घालून पुढं जायचा. का उचलत नाही कोणी? कोण पाहतं आहे? बसमधून उतरणारा प्रत्येक प्रवासी चालकाला धन्यवाद म्हणायचा. आमच्या ढाणकीच्या एसटीतून उतरताना मी ड्रायव्हरला धन्यवाद म्हटलं असतं, तर त्यानं गाडी थांबवून विचारलं असतं, ‘काय झालं बाई, काही राह्यलं का आत?’ दुकानांच्या काचांमागं रंगीत कागदांत बांधलेल्या पेट्यांचे ढीग होते, आणि वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं की त्या सगळ्या रिकाम्या असतात, नुसती शोभा. हे ऐकल्यावर तर माझी खात्रीच पटली. ज्या गावात रिकाम्या पेट्यांना एवढ्या निगुतीनं गाठी मारतात, तिथल्या हसऱ्या चेहऱ्यांच्या आत काय आहे हे गाठ सोडल्याशिवाय कसं समजावं?

तर त्या संध्याकाळी हेलनबाईंनी माझ्या हातावर घराची चावी ठेवली. त्या दहा दिवस समुद्रापलीकडच्या बेटावर, लेकीकडे निघाल्या होत्या. रोज एकदा वर येऊन झाडाला पाणी घाल, एवढंच काम. आणि जाता जाता, अगदी सहज, त्या म्हणाल्या की घर आपलंच समज, काही हवं असेल तर घे.

काही हवं असेल तर घे! खरं सांगते, इतकं भयंकर वाक्य त्या देशात मला दुसऱ्या कोणी ऐकवलं नव्हतं. कोपऱ्यातल्या कपाटावर चांदीच्या चौकटी चमकत होत्या. त्यांच्या शेजारी एक लाकडी डबी होती, तिचं झाकण उघडं होतं आणि आत दोन अंगठ्या दिसत होत्या. दोन महिन्यांच्या भाडेकरूच्या हाती असं घर सोपवून कोणी जातं का? पारख करायची असेल तर याहून चांगला सापळा कुठला?

तिथं संध्याकाळचे सहा वाजले की आमच्या गावात दुसऱ्या दिवशीची साडेसातची सकाळ असते. आई तेव्हा वावरात निघायच्या घाईत असते. मी फोन लावला.

“झाड तोडलं न तिनं?” आईनं विचारलं.

“हो.”

“मंग पाणी कायले?”

“दहा-पंधरा दिवस टवटवीत राहावं म्हणून. खोडातून पाणी वर चढत राहतं आई, तोडलं तरी.”

“तू मले बॉटनी नोको शिकवू. तोडलेल्या झाडाले पाणी घालाले कोणी घराची चावी देते का? ते बाई तुले पारखून राह्यली. सांग तिले, मले टाइम नाई.”

“घेतली मी चावी.”

पलीकडे आईनं कोंबड्या हुसकावल्याचं ऐकू आलं. मग आई म्हणाली, “घेतली तं घेतली. पण हात पाठीमांगं बांधून जाजो. तिच्या घरातली सुई जरी गेली, तरी नाव तुयंच येईन.”

आईचं हे भय कुठून आलं ते मला ठाऊक होतं. आमचं स्वतःचं वावर दोन एकरांचं. तेवढं आवरलं की हंगामभर ती गावातल्या एका मोठ्या कास्तकाराकडे कापूस वेचायला जायची. शाळा सुटली की मी तिला आणायला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन उभी राहत असे. दिवस कलला की बाया कमरेची ओटी रिकामी करून कापूस गंजीवर टाकायच्या, आणि मग एकेक जण धुऱ्यावर येऊन तीच ओटी सोडून झाडून दाखवायची. मग पदर झाडायची, मग दोन्ही हात. मूठभर कापूस वातींसाठी कोणी नेत तर नाही ना, याची ती खातरजमा. कास्तकार खाटेवर बसलेला असायचा. बाया हसतखिदळत झाडायच्या, जणू धूळच झटकत आहेत. पण त्या हसण्याच्या तळाशी काय होतं, हे लहानपणीही मला कळत होतं. पदवीचा कागद घरी आणला त्या दिवशी आईनं तो उलटसुलट करून पाहिला, कपाळाला लावला आणि एकच वाक्य म्हणाली, “आता तुले कोनापुढं ओटी झाडाची पाळी येत नाई.” माझ्या पदवीचा अर्थ याहून नेमका विद्यापीठालाही सांगता आला नसता. आणि आता त्या पदवीची लाज राखायची, तर मला त्या रिकाम्या घरात दहा दिवस निष्कलंक राहायचं होतं.

पहिल्या दिवशी मी काय केलं सांगू? हसाल. आधी कपाटाचे, टेबलाचे, त्या उघड्या डबीचे फोटो काढून ठेवले. उद्या कोणी बोट दाखवलं तर पुरावा असावा. मग पाणी घातलं. झाड खरंच तहानलेलं होतं. आदल्या दिवशी काठोकाठ असलेलं भांडं अर्धं झालं होतं. परीक्षेत ज्या वाहिन्यांची आकृती काढून मी गुण घेतले होते, त्या वाहिन्या मुळं हरवूनही आपलं काम इमानानं करत होत्या. कुणाच्या भरवशावर? पण तेव्हा अशा विचारांना सवड नव्हती. माझं सगळं ध्यान त्या दोन अंगठ्यांवर. रोज आत जावं, त्या मोजाव्यात, एक आणि दोन, आणि श्वास सोडून बाहेर यावं.

दाराशी घंटीच्या बटणात एक कॅमेरा होता. माणूस समोर आला की भोवती निळं कडं उजळायचं. तिसऱ्या दिवशी पाणी घालून बाहेर आले, दार ओढलं, कुलूप लावलं आणि वळणार, तो ते निळं कडं माझ्याकडे पाहत होतं. आणि माझ्या हातांनी, मी नव्हे, माझ्या हातांनी, कोटाचे दोन्ही खिसे उलटे बाहेर काढले. कोट उतरवून झाडला. बॅग उघडून तिचा तळ त्या डोळ्यापुढं धरला. मग दोन्ही तळवे. शेवटी मी हसलेसुद्धा, थेट धुऱ्यावरच्या बायांसारखी.

खोलीत परतल्यावर कानशिलं तापली होती. कोणी सांगितलं होतं मला? कोणी विचारलं होतं? एवढा समुद्र ओलांडून, एवढी पुस्तकं वाचून, मी त्याच धुऱ्यावर येऊन उभी! उद्या करायचं नाही, असं ठरवलं. आणि उद्या पुन्हा केलं. कारण एकदा झाडून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी दाखवलं नाही, तर पाहणाऱ्याला काय वाटेल? संशयाची हीच तर गंमत आहे, तो एका दिवसावर कधी भागत नाही. उरलेले सगळे दिवस मी झाडत राहिले.

हेलनबाई परतल्या. मी चावी दिली आणि त्यांच्या नजरेच्या मागं मागं माझी नजर गेली. त्यांची नजर कपाटावर थांबली का? डबीवर क्षणभर रेंगाळली का? की रेंगाळली ती माझीच? त्यांनी पिशवीतून लाल फीत बांधलेलं काहीतरी काढून माझ्या हाती दिलं. आत लाकडी मुठीचा कपडे झाडायचा ब्रश. म्हणाल्या, तुला रोज कोट झाडताना फोनवर पाहिलं ग मी; या झाडाची सुयांसारखी पानं मेली सगळीकडे चिकटतात, तुला आधीच सांगायला हवं होतं.

मला हसू फुटलं, आणि हायसं वाटलं. दोन पायऱ्या उतरेपर्यंत तेवढं टिकलं. मग विचार आला, पानं खिशांच्या आत शिरतात का? बॅगेच्या तळाला चिकटतात का? जिनं जन्मभर वर्गात उभं राहून मुलांच्या हातवाऱ्यांतून त्यांच्या मनातलं ओळखलं, त्या बाईला हे ओळखू आलं नसेल? की सारं ओळखून, माझी लाज झाकायला, तिनं त्या लाल फितीत पानांची गोष्ट बांधून दिली? मी आजही सांगू शकत नाही. चांगुलपणावर विश्वास ठेवायला मी मुळातच कच्ची. आणि हा तर असा चांगुलपणा होता की दोन्ही बाजूंनी तितकाच खरा दिसावा.

आईला मी हे सगळं विनोद म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

“पोरी, तुले वाटते आम्ही भिऊन झाडत होतो?”

“मग?”

“तो ‘झाडा’ म्हणाच्या आधीच आम्ही झाडत होतो. एकडाव त्याच्या तोंडातून तो शब्द निंगाला असता, तं मंग आमचं काय राह्यलं असतं? आम्ही त्याले म्हणूच नाई देलं. चौदा वर्स नाई देलं.”

 इतकी वर्षं ज्याला मी आईचं वाकणं समजत होते, ते तिचं ताठ उभं राहणं होतं!

“पण तुले तं तिथं कोनी म्हणणारंच नोहतं,” ती हळूच म्हणाली. “मंग तू कायले झाडलं वं?”

 हा प्रश्न मी वर्षभर सोबत बाळगला.

यंदा हिवाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले आहे. आईनं आता शेजारचं पाच एकर वावर मक्त्यानं केलं आहे आणि पहिल्यांदाच आमच्याकडे सहा बाया वेचायला येतात. संध्याकाळी हवेत गारवा उतरतो, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या, वाळक्या पानांचा आणि दिवसभर तापलेल्या मातीचा वास मिसळून येतो, आणि हा वास तरी आपला, यात काही गौडबंगाल नाही, असं मनाशी म्हणत मी धुऱ्यावर उभी असते. बाया ओट्या रिकाम्या करतात. मग, कोणी न सांगता, धुऱ्यावर येऊन झाडतात. त्या घडीला आई नेमकी पाठमोरी असते. कधी पोतं बांधते, कधी पाण्याची कळशी शोधते. पहिले दोन दिवस मला तो योगायोग वाटला होता.

काल तिसरा दिवस. बाया ओळीनं आल्या, ओट्या सुटल्या, झटकल्या गेल्या. सगळ्यात शेवटी शेवंताकाकू, आईबरोबर त्या मोठ्या कास्तकाराकडे चौदा हंगाम वेचलेली. तिनं ओटी झाडली, पदर झाडला, आणि तशीच थांबली.

“काय पाह्यतं वं बाई?” ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं की मी खाली पाहत होते. काळ्या मातीवर, तिच्या पायांपाशी, पांढरं काही पडतं का ते.

“काही नाही, काकू.”

“नाई दिसलं तुले नीट. थांब, अजून एकडाव झाडून दाखवतो.” आणि ती दोन पावलं पुढं आली, माझ्या बुटांच्या टोकापर्यंत. सोडलेल्या ओटीची दोन्ही टोकं धरून तिनं ती सावकाश, अगदी सावकाश झाडली. बाकीच्या बाया हसल्या. तेच हसू.

हेलनबाईंच्या दारावरच्या त्या काचेच्या डोळ्याला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! तो बिचारा दारात कोण आलं, एवढंच पाहत होता. त्यात जे बाकी दिसलं, ती खाटेवरच्या कास्तकाराची नजर; मी ती इथून सोबत नेली होती, आणि तशीच परत आणली होती.

आईनं वळून पाहिलं नाही. ती पोत्याचं तोंड बांधत राहिली. ते मघाशीच बांधून झालं होतं.