घोड्याच्या ट्राममधली बाई, पेठच्या पाड्यावर

दिवाळी नुकतीच संपली होती, साल २००६. नलूताईचा फोन ऑफिसमध्येच आला. "रविवारी शेवटचा प्रयोग करतेय. यायचं तर ये, नाहीतर राहिलंच."

नलूताई म्हणजे माझी थोरली मावसबहीण. नाशिकला बँकेत नोकरी. काही वर्षांपासून ती एक एकपात्री करत होती, स्वतःच लिहिलेलं. जुन्या काळातल्या अमेरिकेतली एक काळी शिक्षिका गोऱ्यांच्या ट्राममध्ये चढते, उतरायला नकार देते आणि पुढे कोर्टात जाते. ट्राम घोड्यांची. त्या काळी अशा भांडलेल्या बऱ्याच जणींच्या हकिकती वाचून नलूताईनं ही एक बाई उभी केली होती. नाव दिलंच नव्हतं, नुसती 'बाई'.

शनिवारी सकाळी पुण्यात शिवाजीनगरहून एसटी धरली. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर. रस्ता अधूनमधून खोदलेला, त्यामुळे घाई असलेल्यांनी ही वाट धरू नये. नाशिकला द्वारका चौकात उतरले तर नलूताई समोर उभीच. हातात मेथीची जुडी, चेहरा उतरलेला. घरी गेल्यावर मेथीची भाजी, भाकरी आणि झोप. नाटकाबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

ते सगळं दुसऱ्या दिवशी निघालं, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर प्रयोगाला जाताना, एसटीत.

"कंटाळलीस का गं?" मी विचारलं.

"कंटाळले नाही. पण कंडक्टर त्या बाईला ओढून खाली पाडतो ना, तिथं लोक टाळ्या वाजवतात. नंतर येऊन सांगतात, काय झकास पडता हो! मी पडले तेवढं दिसतं त्यांना. ती पडली हे कुणाला दिसतच नाही." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मग मी लिहिलंय तरी काय?"

बाहेर सावळघाट सुरू झाला होता. कापणी झालेली भातखाचरं उन्हात पिवळी पडली होती आणि त्यांच्यामागे डोंगर एकामागे एक उभे. इतका मोठा, इतका शांत मुलूख नाशिकच्या एवढ्या जवळ आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

करंजाळीला उतरून पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा हाताशी वेळ आणि पाणी दोन्ही ठेवा. पाड्यावरच्या शाळेचे गावीत सर वाटेवर घ्यायला आले होते. प्रयोग त्यांनीच ठरवलेला, आणि आता तेच काळजीत.

"मॅडम, अमेरिका कुठं आहे ते आधी थोडं सांगू का? बायांनी नाटक असं कधी पाहिलेलं नाही."

"नको सर," नलूताई म्हणाली. "नाही कळलं तर नाही कळलं."

दुपार कलायला लागली तशी माणसं जमली. पुढे मुलं, मागे पुरुष, एका अंगाला बाया. मैदानात शाळेचं लाकडी बाक ठेवलं, ती ट्राम. नलूताई पांढऱ्या कॉलरचा काळा लांब झगा घालून आली आणि मुलं हसली. मग ती बोलायला लागली. शाळेत उशीर झालाय, पाय दुखताहेत, समोर ट्राम उभी आहे. हसणं थांबलं. टोपी चढवली की ती कंडक्टर व्हायची, काढली की बाई. "ही गाडी तुमच्यासाठी नाही. उतर!" "मी भाडं देतेय. मी बसणार."

आणि मग ती पडली. बाकावरून थेट मातीत, खांद्यावर. तिला बसलेला तो हिसका मला माझ्या अंगात जाणवला.

टाळी वाजली नाही. बायांमधून एक तरुण बाई उठली, कडेवर पोर. सरळ मैदानात आली. नलूताईच्या दंडाला धरून तिनं तिला उठवलं, झग्याची माती हातानं झटकली आणि बाकावर बसवलं. "बस," ती म्हणाली. "जागा आहा." आणि स्वतः शेजारी टेकली. तिच्यामागोमाग आणखी दोघी आल्या. बाक भरलं.

सर पुढे धावणार होते, मी त्यांचा हात धरला.

नलूताईनं तिघींकडे एकेक करून पाहिलं. मग ती उठली, टोपी चढवली आणि बाकाकडे वळून सगळा आवाज लावून ओरडली, "उतरा!" पोर दचकून रडायला लागलं. ती बाई त्याला थोपटत राहिली, पण नजर कंडक्टरवरून काढली नाही. तिघींपैकी एकही हलली नाही. नलूताईतला कंडक्टर एक पाऊल मागे सरकला. ते लिहिलेलं नव्हतं. मी शपथेवर सांगते, समोर एक माणूस खरोखर हरताना मी पाहिला.

तिनं टोपी काढली, बाकासमोर मातीत मांडी घातली आणि कोर्टाचा पुढचा सगळा भाग त्या तिघींना सांगितला, घरातली गोष्ट सांगावी तसा.

जेवण सरांच्या घरी. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, काळ्या उडदाची घट्ट डाळ, लसणाची चटणी. या भागात आलात तर हेच मागा. ती बाईही आली, यमुना तिचं नाव.

"तुला उठावंसं का वाटलं गं?" नलूताईनं विचारलं.

"आमालाबी उतरवलं ना," यमुना म्हणाली. "मागल्या साली द्राक्षांच्या कामाला चाललो तवा. मालकाचे पाव्हणे आले, टेम्पोत त्यांना जागा पायजे होती."

"मग?"

"मग काय, उतरलो. चालत गेलो." भाकरीचा तुकडा मोडत तिनं विचारलं, "ती बाई जिती आहा का?"

"नाही गं. जाऊन फार वर्षं झाली."

यमुनाला खरंच वाईट वाटलं. "भेटली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत नलूताई खांदा चोळत होती. दुखतोय का विचारलं तर "खूप" म्हणाली आणि हसली.

पुण्यात आल्यावर सगळे विचारतात, पेठकडे बघण्यासारखं काय आहे. डोंगर आहेत, घाट आहे, पावसाळ्यात धबधबेही असतील. मी हे सांगते, पण डोळ्यांसमोर येतो तो माती झटकणारा यमुनाचा हात. आजवर एवढी नाटकं पाहिली, मधेच उठून जावं असं काही वेळा वाटलंही. पण उठून आत जावं, असं कधी वाटलं नव्हतं.

काल नलूताईचा फोन आला. पाड्यावरची बरीच माणसं दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांत कामाला गेली आहेत, यमुनाही. सुट्टीच्या दिवशी तिथल्या मजुरांच्या झोपड्यांपुढे नलूताई प्रयोग करणार आहे.

"अगं, पण तो शेवटचा होता ना?" मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "एकटीनं केलेला शेवटचा."